अंगठ्याचे दुखणे की अंगठ्याची दुखापत?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आपल्या वस्त्यांतली कितीतरी माणसे प्रेस शॉपवर, पॅकिंगला, लोडिंगला आहेत, आणि त्यांतली बरीच कंत्राटदाराकडे. मशीनमध्ये बोट तुटले तर सगळी गल्ली धावून जाते. पण जॉब अडकला, हात झटक्याने ओढला आणि अंगठा बाहेरच्या बाजूला वाकला, तर रक्त येत नाही, एक्स-रे साफ येतो आणि सुपरवायझर सांगतो, "मुरगळला असेल, बाम लाव."

अशा वेळी पुष्कळदा लिगामेंट तुटलेले असते. लिगामेंट म्हणजे दोन हाडांना सांध्यावर धरून ठेवणारा चिवट पट्टा. अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या बाजूला असलेला पट्टा तुटला की चिमटीतली ताकद जाते. पाना धरता येत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, भरलेली बाटली हातातून निसटते. स्कॉटलंडमध्ये ससे मारणाऱ्या शिकारी राखणदारांच्या अंगठ्यात हा दोष कँपबेल नावाच्या सर्जनने १९५५ साली नोंदवला. पुढे १९६२ मध्ये स्टेनर यांनी दाखवले की पट्टा पूर्ण तुटला तर कधी कधी त्याचे टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर जाऊन बसते. मग कितीही दिवस प्लास्टर ठेवले तरी तो जुळत नाही, ऑपरेशनच करावे लागते, आणि ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेले बरे. पट्टा अर्धवट तुटला असेल तर चार ते सहा आठवडे स्प्लिंट बहुधा पुरते. कोपराचेही असेच. हात टेकून पडलो की कोपराच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूचा पट्टा फाटतो. त्यावर चोळणाऱ्याकडे जाऊन मालिश करून घेणे बंद करा. सूज वाढते आणि सांधा आखडतो.

आता कागदाकडे येऊ, कारण माझा मुद्दा तिथे आहे.

दवाखान्यात प्रत्येक निदानाला एक कोड असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, आपल्याकडे वापरात आहे. तिच्यात 'एम' अक्षराखाली हाडे, सांधे, स्नायू यांचे आजार येतात, तर 'एस' अक्षराखाली दुखापती. अंगठा किंवा बोट मुरगळणे एस ६३.६, बोटांच्या सांध्यातले लिगामेंट तुटणे एस ६३.४, कोपर मुरगळणे एस ५३.४, कोपराच्या बाजूचे लिगामेंट तुटणे एस ५३.२ किंवा एस ५३.३. आणि डॉक्टरांनी घाईत नुसते 'हात दुखतो' लिहिले, तर एम ७९.६. माणूस तोच, अंगठाही तोच. पण कागदावर त्याला अपघात झालेलाच नसतो.

कोड टाकणारा रुग्णाला पाहत नाही, केसपेपर पाहतो. जे लिहिले नाही त्याचा कोड पडत नाही, हा या कामाचा पहिला नियम. नर्सिंगच्या काळात ओपीडीतले असे दोन-दोन शब्दांचे केसपेपर मी रोज पाहिले आहेत. समोर शंभर माणसांची रांग असली की डॉक्टरही काय करणार, हे मला समजते. पण त्याची किंमत रांगेतला माणूस मोजतो.

ती कशी, ते पाहा. ईएसआयमध्ये आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि त्यालाही आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावरच्या दुखापतीसाठी ९० टक्के, काम करता येत नाही तोपर्यंत, आणि वर्गणीची अट नाही. ढोबळ हिशेबाने रोज ५०० रुपये पडत असतील तर ३५० आणि ४५० असा फरक. शिवाय अंगठा कायमचा अधू राहिला तर मेडिकल बोर्ड कमाईक्षमता किती गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. कायद्याच्या यादीत अंगठा गमावणे म्हणजे ३० टक्के. अवयव जागेवर असून त्याचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला तर तो गमावल्यासारखाच धरावा, अशी टीप त्याच यादीखाली आहे. ही टीप आपल्या लोकांना कोणी सांगत नाही.

हा लाभ एकट्या कोडवर ठरत नाही, हे खरे. मालकाचा अपघात अहवाल आणि डॉक्टरांचा दाखला पाहून तो ठरतो. पण केसपेपरवर पहिल्या दिवशी 'दुखणे' लिहिलेले असेल तर सहा महिन्यांनी बोर्डापुढे 'अपघात' सिद्ध करणे फार जड जाते. म्हणूनच कंत्राटदार गाडीत बसवतानाच पढवतो, "घरी पडलो म्हणून सांग."

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. प्रा. बी. पी. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला तो त्याच काळात, आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जातो तो या हक्कासाठी. आपण जयंतीला हे भाषणात सांगतो. सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाच्या खिडकीवर मात्र गप्प उभे राहतो.

दुसरी गोष्टही सांगते. शिकलेली आपली मुले-मुली आता मेडिकल कोडिंगचे कोर्स करून अमेरिकन दवाखान्यांचे कागद तपासतात. अमेरिकन पद्धतीत उजवा अंगठा की डावा, पहिली भेट की पुढची, हेसुद्धा कोडमध्ये येते. उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा मुरगळला, पहिलाच उपचार, तर एस ६३.६४१ए. धातूकामाच्या मशीनने लागले तर त्याचा कोड वेगळा. या मुलांनी रविवारी विहारात तासभर बसून वस्तीतल्या कामगारांचे केसपेपर वाचून दाखवले तर मोठे काम होईल.

मात्र खोटे काही लिहून घ्यायचे नाही. वर्षानुवर्षे तीच हालचाल करून कोपर दुखू लागले, तर तो 'एम'मधलाच आजार, एम ७७.१. तिथे अपघात घडवून आणू नका. त्याची लढाई वेगळी आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहीन.

डॉक्टरांपुढे बसल्यावर एका दमात सांगा: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मशीनवर, कोणता हात, अंगठा कोणत्या बाजूला वाकला. "चिमटीत जोर येत नाही" हे शब्द आवर्जून सांगा. एक्स-रे साफ असेल तर लिगामेंटची तपासणी, सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का, असे विचारा. त्याच दिवशी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नाव लिहायला लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात बसतो. कागद मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसे लिहिले आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.