राजगड ते तोरणा : मधल्या धारेचा दिवस

राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले पाहिलेली माणसं पुण्यात पुष्कळ भेटतात. एका रविवारी राजगड, पुढे कधीतरी तोरणा, असा त्यांचा हिशेब असतो. या दोन किल्ल्यांना जोडणारी डोंगरधार पायाखाली घातलेले मात्र त्या मानानं थोडे. ही धार राजगडाच्या संजीवनी माचीखाली सुरू होते आणि पश्चिमेला तोरण्याच्या बुधला माचीला भिडते. पहाटे गुंजवण्यातून राजगड चढायचा, धार तुडवत तोरणा गाठायचा आणि अंधार पडायच्या आत वेल्ह्यात उतरायचं, हा सह्याद्रीतल्या भटक्यांचा जुना बेत. सगळी चाल साधारण 20 ते 24 किलोमीटर होते. चार मित्रांचा धडधाकट गट असला तरी दहा-बारा तास धरूनच निघावं.

राजगडाची उंची सुमारे 1376 मीटर, तोरण्याची सुमारे 1403 मीटर. आकडे पाहून वाटतं, एकदा वर पोहोचलं की पुढे सपाटीच. तसं काही नाही. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, मग पावसानं आणि नद्यांनी ते दोन्ही बाजूंनी कोरत आणले. जे उरलं ती ही अरुंद धार. तिच्या उत्तरेचं पाणी कानंदी-गुंजवणीच्या खोऱ्यात जातं, दक्षिणेचं वेळवंडीत. थर कठीण असेल तिथे टेकाड उभं राहिलं, ठिसूळ असेल तिथे खिंड पडली. त्यामुळे एक टेपाड संपलं की उतार, उतार संपला की पुढचं टेपाड, असंच दिवसभर चालू राहतं. समोर दिसणारा तोरणा तासभर चालूनही तसूभर जवळ आलेला दिसत नाही.

गुंजवण्याहून चोर दरवाजाची वाट सरळ अंगावर येते. शेवटच्या कातळटप्प्यात कठड्यांचा आधार आहे. वर पाऊल टाकताच पद्मावती तलाव समोर येतो. बालेकिल्ला आणि सुवेळा माचीचं नेढं पाहण्याचा मोह इथे आवरावा लागतो. ते पाहायला राजगडाला वेगळा दिवस द्यावा, तो त्या योग्यतेचा आहे. पद्मावती माचीवर पाणी भरून घ्यावं आणि संजीवनीकडे वळावं.

संजीवनी माची मात्र घाईनं ओलांडू नये. सुमारे अडीच किलोमीटर लांबीची ही माची टप्प्याटप्प्यानं उतरत जाते. तिची दुहेरी, चिलखती तटबंदी पाहिली की बांधणाऱ्यांना धोका कुठून दिसत होता ते कळतं. इतर बाजूंना कडे आहेत. या बाजूला मात्र डोंगराची सोंड आपल्या पायांनी गडापर्यंत चालत आलेली. शत्रू आला तर याच धारेवरून यायचा, म्हणून सगळ्यात बळकट बांधकाम इथे. आपण सकाळी ज्या आळू दरवाजातून बाहेर पडतो, त्याच्या मागे हा सगळा विचार उभा आहे.

इतिहासातही या दोन गडांची जोडी सुटत नाही. तोरणा शिवरायांनी ऐन उमेदीच्या काळात घेतला. तिथे सापडलेल्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं परंपरा सांगते. पुढे सुमारे पाव शतक राजगड स्वराज्याची राजधानी होता. 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना गेले, 12 राहिले. राहिलेल्यांत राजगड होता आणि तोरणाही. औरंगजेब स्वतः या मुलखात उतरला तेव्हा त्यानंही दोघांचा विचार एकत्रच केला. 1704 च्या फेब्रुवारीत राजगड पडला, लगेच मार्चमध्ये तोरणा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीत राजगड आहे, तोरणा नाही. धार चालून आलेल्याला ही फाळणी विचित्र वाटते, कारण एकाच्या तटावरून पाहिल्याशिवाय दुसऱ्याचं महत्त्व नीट उमगत नाही.

आळू दरवाजाबाहेर पडलं की गडांचा इतिहास मागे राहतो आणि डोंगर सुरू होतो. पहिला उतार मुरमाड आणि घसाऱ्याचा. पायाखालचे खडे चेंडूसारखे पळतात, म्हणून दोघांत अंतर ठेवावं आणि मागच्यानं दगड सुटताच हाळी द्यावी. मग कारवीचं रान लागतं. दांडकी डोक्यापर्यंत वाढलेली, मधून एका माणसापुरती वाट. ही कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते; ते वर्ष साधलं तर डोंगराची बाजूच्या बाजू निळीजांभळी झालेली दिसते. एरवी पावसाळा सरता सरता सोनकी आणि तेरड्यावर समाधान मानावं लागतं, आणि तेही कमी नसतं.

साधारण दीडदोन तासांनी धारेवरून पलीकडे उतरणारा डांबरी रस्ता आडवा येतो. हा वेल्ह्याच्या बाजूनं चढून भाटघरच्या पाणलोटातल्या भुतोंड्याकडे जातो. डावीकडे, म्हणजे दक्षिणेला, भाटघरचं पाणी लांबवर पसरलेलं दिसतं. उजवीकडे गुंजवणी धरणाचं. दोन्हीकडे एवढं पाणी, आणि धारेवर मात्र हिवाळा सरल्यावर भरवशाचा झरा मिळणं मुश्कील. या चालीत माणसं उंचीनं हरत नाहीत, तहानेनं हरतात. माणशी चार लिटर पाणी पाठीवर हवंच. उन्हाळ्यात तर हा बेतच करू नये.

धारेवर धनगरांची घरं आहेत. हाक मारली की घरातली मावशी ताकाचा किंवा लिंबू सरबताचा पेला पुढे करते आणि पुढची वाट हातानं दाखवते. वाटेवर दगडांवर बाण रंगवलेले असतात, पण गुरं चरायला नेतात त्या ढोरवाटा जागोजागी फुटतात आणि धुक्यात बाण दिसेनासे होतात. अशा वेळी त्या घरातल्या पोराचा शब्द मोबाइलमधल्या नकाशापेक्षा जास्त खरा निघतो. ताकाचे पैसे न मागता द्यावेत. इथे हंडाभर पाण्यासाठीही पायपीट आहे, हे विसरू नये.

गटानं चालायचं तर एक नियम पाळावा : वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. पुढे धावणारे खिंडीत थांबतात, ताजेतवाने होतात आणि दमलेला मित्र पोहोचताच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून दमलेल्याला पुढून दुसऱ्या जागी ठेवावं आणि सगळ्यात अनुभवी माणसानं शेवटी चालावं. डबेही वाटून न्यावेत. धपाटे, चटणी, गूळ-शेंगदाणे, संत्री एवढ्यावर दिवस निभतो.

शेवटची परीक्षा बुधला माचीची. उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा दिसणारा तिचा सुळका सकाळपासून खुणावत असतो. पण तिच्यावर जाणारी वाट पाय भरून आल्यावर, दुपारच्या उन्हात लागते. चढ खडा, माती सैल, आणि वर कातळात हात लावूनच चढावं लागतं. उंचीचं भय असणाऱ्याला इथे पुढून एक आणि मागून एक असा आधार द्यावा. माचीवरून कोकण दरवाजामार्गे मेंगाई देवीच्या मंदिरापर्यंत पोहोचलं की चढ संपले. बिनी दरवाजातून वेल्ह्याची उतराई उरते, आणि तीही दमलेल्या गुडघ्यांचा अंत पाहणारी.

हा दिवस साधायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसात घसारा आणि धुकं दोन्ही धोक्याचे, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. पहाटे पाचला गुंजवणे सोडावं, विजेरी प्रत्येकाजवळ असावी, प्लॅस्टिक आपलं आपण खाली आणावं. आदल्या रात्री गडावर मुक्काम करायचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याचा सध्याचा नियम आधी विचारून घ्यावा. आणि दुपारचे बारा वाजून गेले तरी गट डांबरी रस्त्यापर्यंत आला नसेल, तर बुधल्याकडे न बघता त्याच रस्त्यानं वेल्ह्याकडे उतरावं. तोरणा पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असणार आहे.