क्रॉन (आज्ञावली)

क्रॉन ही युनिक्स व लिनक्ससारख्या युनिक्ससदृश संचालन प्रणालींवर ठरलेल्या वेळी ठरलेली कामे आपोआप करून घेणारी आज्ञावली आहे. डेटाबेसची प्रत काढणे, जुन्या लॉग फाइली हटवणे, डिस्कवरील मोकळी जागा तपासणे, नेटवर्कमधील संगणक प्रतिसाद देतात की नाही हे पाहणे, अशी प्रशासकाची नित्याची कामे स्क्रिप्टच्या रूपात लिहून क्रॉनवर सोपवली जातात. 'काळ' या अर्थाच्या 'क्रोनॉस' या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे.

इतिहास

बेल लॅबोरेटरीजमध्ये विकसित झालेल्या युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत क्रॉनचा समावेश होता. त्या काळी संपूर्ण संगणकासाठी कामांची एकच यादी असे. प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र यादी ठेवण्याची सोय नंतर झाली. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली आवृत्ती पुढे लिनक्सच्या अनेक वितरणांत रूढ झाली.

कार्यपद्धती

कामांच्या यादीस 'क्रॉनटॅब' म्हणतात. तिच्या प्रत्येक ओळीत मिनिट (० ते ५९), तास (० ते २३), तारीख (१ ते ३१), महिना (१ ते १२) व वार (० ते ६, रविवार म्हणजे ०) असे पाच रकाने आणि त्यांच्यापुढे आज्ञा असते. तारांकनाचा अर्थ 'प्रत्येक' असा होतो. त्यानुसार '३० २ * * ०' म्हणजे दर रविवारी पहाटे अडीच वाजता. तारीख व वार हे दोन्ही रकाने भरल्यास त्यांपैकी एक जुळले तरी काम सुरू होते. त्यामुळे '० ९ १ * १' हे काम केवळ एक तारखेला येणाऱ्या सोमवारी होत नाही, तर दर एक तारखेस आणि दर सोमवारी होते.

मर्यादा

नेमलेल्या वेळी संगणक बंद असल्यास ते काम राहून जाते; ही उणीव भरून काढण्यासाठी 'अ‍ॅनाक्रॉन' वापरतात. क्रॉन आज्ञा शोधण्यासाठी मोजक्याच फोल्डरांत पाहते. म्हणून हाताने चालवलेली स्क्रिप्ट क्रॉनमधून चालेलच असे नाही आणि आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहिणे हिताचे ठरते. आधीचे काम संपले आहे की नाही हेही क्रॉन पाहत नाही.

सर्वांत घातक दोष म्हणजे मूक अपयश. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. प्रत काढणारे साधन डेटाबेसच्या आवृत्तीहून जुने असल्याने नियमित प्रती निघतच नव्हत्या, हे तेव्हा उघड झाले. अपयशाची सूचना देणारे ईमेलही प्रमाणीकरणाअभावी नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वीच्या दुसऱ्या एका प्रतीवरून सेवा पूर्ववत झाली, परंतु मधल्या काळातील नोंदी कायमच्या गेल्या. या कारणास्तव केवळ अपयशाच्या सूचनेवर विसंबून न राहता, काम यशस्वी झाल्याची खूण वेळेत न आल्यास इशारा देणारी व्यवस्था ठेवली जाते आणि काढलेल्या प्रतीवरून डेटा प्रत्यक्ष परत मिळवता येतो का, हेही अधूनमधून तपासले जाते.