छाती न उघडता हृदयातला तुकडा कसा काढतात?



घरात कुणाचे डायलिसिस किंवा केमोथेरपी चालू असेल, तर गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत बसवलेली मऊ नळी तुम्ही पाहिली असेल. क्वचित ही नळी आतल्या आत तुटते. ‘तुकडा हृदयात गेलाय’ असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांचे धाबे दणाणते. आता छाती उघडणार, असेच वाटते. बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही.

तुकडा हृदयातच का जातो? शिरांतले सगळे रक्त हृदयाकडे वाहते. तुटलेला तुकडा त्या प्रवाहाबरोबर उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतो, तिथून खालच्या कप्प्यात, कधी पुढे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत. (मुलांनी गिळलेले नाणे मात्र अन्नमार्गात जाते, हृदयात नव्हे.)

ज्या वाटेने तुकडा गेला, तशाच वाटेने त्याला परत आणता येते. ही वाट १९२९ साली जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने दाखवली. मूत्रमार्गासाठी वापरायची बारीक नळी त्याने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे विभागात चालत गेला! नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे एक्स-रेत दिसले. कौतुक सोडाच, त्याला टीकाच ऐकावी लागली. पुढे १९५६ साली कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयात अडकलेला तारेचा तुकडा शस्त्रक्रियेशिवाय काढल्याची नोंद १९६४ सालची आहे.

गावाकडे विहिरीत बादली पडली की दोराला गळ बांधून ती काढतात. इथेही तेच, फक्त गळाऐवजी फास असतो. जांघेत भूल देऊन तिथल्या शिरेत एक पोकळ नळी बसवतात. तिच्यातून टोकाला फास असलेली बारीक तार वर हृदयापर्यंत नेतात. हा फास बहुधा निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. नळीत दाबून बसतो आणि बाहेर येताच पुन्हा गोल उघडतो. एक्स-रेच्या पडद्यावर बघत तुकड्याचे सुटे टोक फासात धरायचे, फास आवळायचा आणि सगळे हळूहळू खाली ओढून घ्यायचे. ऐकायला सोपे वाटते, पण हृदय सतत हलत असते आणि तुकडाही त्याबरोबर नाचत असतो. सगळी कसोटी टोक पकडण्यातच आहे.

तुकडा तसाच ठेवला तर त्याच्यावर रक्ताची गुठळी धरते, जंतुसंसर्ग होतो, ठोके अनियमित होतात. म्हणून त्रास जाणवत नसला तरी टाळाटाळ करू नये. तुकडा फार जुना होऊन भिंतीला चिकटला असेल, किंवा सुईसारखी टोकदार वस्तू हृदयाच्या भिंतीत घुसली असेल, तर मात्र शस्त्रक्रिया करावी लागू शकते. आणि छातीत बाहेरून काही रुतले असेल तर ते घरी उपसून काढू नका. ती वस्तूच कधी कधी रक्त थोपवून धरते. तशीच स्थिर ठेवून रुग्णाला दवाखान्यात न्या.

शिरेतली नळी घरी ओढायची नाही, कात्री लावायची नाही. ती तुटलीच, तर बाहेर राहिलेला भाग फेकू नका, सोबत न्या. तो मोजला की आत किती लांबीचा तुकडा राहिला आहे, हे डॉक्टरांना लगेच कळते.