रिपोर्ट नॉर्मल, तरी गळा दुखतोच

ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो, हात मोडला तर एक्स-रे. पण बोलता बोलता गळ्याच्या एका बाजूला ठणका लागतो, तो जबड्याखालून कानापर्यंत चढतो, मान जड होते, संध्याकाळी घरच्यांशी दोन शब्द बोलणेही नकोसे वाटते आणि तपासणीचे सगळे कागद मात्र स्वच्छ येतात. अशा दुखण्याला साक्षीदार कोण? आपल्या घरांत असे रुग्ण कमी नाहीत. शाळेतल्या बाई, मदरशातले उस्ताद, रमजानमध्ये महिनाभर तरावीह पढवणारे हाफिज, बाजारात ओरडून माल विकणारे भाऊ, सगळ्यांची रोजी आवाजावर. बहुतेक जण काढा पितात, दोन दिवस गप्प बसतात आणि पुन्हा कामाला लागतात.

मी उर्दू शाळेत शिकवते. गेली अडीच वर्षे हे दुखणे माझ्यासोबत आहे. पहिल्या डॉक्टरांनी घशाला सूज म्हणून अँटिबायोटिक दिले, महिन्याने पुन्हा दिले. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहून स्वरयंत्र अगदी निर्मळ असल्याचे सांगितले. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांत झीज आहे म्हणाले आणि पट्टा दिला. त्यानंतर पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी एका ठिकाणी फाइल मिटवत सांगण्यात आले की टेन्शन घेऊ नका, मनाचे आहे. घरी सासूबाईंनी नजर उतरवली, जेष्ठमध चघळायला दिले. त्यांच्या मायेला मी नाव ठेवत नाही. निदान त्यांनी दुखते यावर विश्वास तरी ठेवला.

मनाचे आहे हे वाक्य मात्र तपासून घ्यायला हवे. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या तपासणीने जे शोधायचे होते ते सापडले नाही, एवढेच. दुर्बीण स्वरयंत्राचा आतला पृष्ठभाग दाखवते: गाठ, सूज, लकवा. बाहेरचे स्नायू किती आवळले आहेत किंवा एखादी नस किती चिडली आहे, हे तिला दिसत नाही. मानेच्या एक्स-रेचे उलटे आहे. चाळिशीनंतर मणक्यांची थोडी झीज काहीही न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. त्यामुळे झीज दिसली म्हणून दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. पित्ताचेही तसेच. आंबट ढेकर, छातीत जळजळ असेल तर गोळ्या ठीक आहेत. पण नुसत्या घशाच्या जुन्या तक्रारींसाठी ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवडे आम्ल कमी करणारी गोळी घेणारे आणि रिकामी गोळी घेणारे यांच्यात काही फरक पडला नाही.

इथे भाषेची एक गंमत सांगते. मराठीत आतला तो घसा, समोरचा तो गळा आणि मागची ती मान. उर्दूत ‘गला’ या एका शब्दात घसा आणि गळा दोन्ही येतात. आपल्या बायका दवाखान्यात ‘गले में दर्द है’ म्हणतात आणि डॉक्टर आ करायला सांगतात! आवाज बसणे, गला बैठना हे दोन्ही भाषांत आहे, पण आवाज दुखतो असे कुणी म्हणत नाही. म्हणून तोंडाने सांगण्याआधी एका बोटाने नेमकी जागा दाखवावी. हनुवटीखाली, कंठमण्याच्या बाजूला की कानाच्या पाळीमागे, यावरून पुढचा रस्ता बदलतो.

त्या रस्त्यांपैकी दोन सांगण्यासारखे आहेत. पहिला स्नायूंचा. हनुवटीखाली घोड्याच्या नालेसारखे एक छोटे हाड असते. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. ते स्नायू आणि दोऱ्यांसारख्या बंधांवर टांगलेले असते. त्याला वरून जबड्याचे स्नायू धरतात, खालून छातीचे, आणि एक स्नायू तर थेट खांद्याच्या फऱ्यापासून येतो. त्याच्याखाली स्वरयंत्र लटकते. आता डोके खाली घालून साठ वह्या तपासा, खांदा आणि कान यांत मोबाइल धरून भाकऱ्या थापा, रागाने दात आवळा, आणि मग दोन वर्ग एकत्र बसवलेल्या खोलीत ओरडून शिकवा. सगळा ताण याच टांगणीवर येतो. गोंगाटात आवाज आपोआप चढतो, ठरवावे लागत नाही. फ्रान्सचे डॉक्टर लोंबार्ड यांनी १९११ मध्ये हे नोंदवले, तेव्हापासून त्याला त्यांचेच नाव आहे. सवय जडली की स्नायू सुट्टीतही पुरते सैल होत नाहीत, बोलताना स्वरयंत्र वर ओढले जाते, दुखते, आणि दुखते म्हणून माणूस आणखी आवळून बोलतो. डॉक्टर याला मसल टेन्शन डिस्फोनिया म्हणतात.

शिक्षकांत आवाजाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त असतात, हेही मोजलेले आहे. अमेरिकेतील आयोवा आणि युटा राज्यांतील अडीच हजार लोकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के होते, इतर व्यवसायांत हेच प्रमाण २८.८ टक्के. स्वरयंत्र जिवंत माणसात आरशाने पाहण्याची रीतही १८५४ मध्ये एका शिक्षकानेच रूढ केली, मॅन्युएल गार्सिया या गायन शिकवणाऱ्या गुरूने, दातांच्या डॉक्टरचा आरसा वापरून. आमच्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात फळ्यावर कसे लिहावे हे होते, आवाज कसा वापरावा याचा एक तासही नव्हता.

दुसरा रस्ता हाडाचा. कवटीच्या तळाशी, कानाच्या खाली, दोन्ही बाजूंना सुईसारखे एक हाड खाली उतरते. त्याची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. काहींत ते जास्त वाढते किंवा त्याला जोडलेला बंध कडक होतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. पण काही जणांना एकाच बाजूला दुखते, मान वळवली किंवा गिळले की वाढते, कानात ठणकते, घशात काटा अडकल्यासारखे वाटते. अमेरिकेचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. ईगल यांनी हे १९३७ मध्ये मांडले, म्हणून याला ईगल सिंड्रोम म्हणतात. हे दुर्मीळ आहे. पण शोधायचे म्हटले तर कठीण नाही. डॉक्टर टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबून पाहतात आणि सीटी स्कॅनमध्ये हाड मोजता येते. मात्र स्कॅनच्या चिठ्ठीत तसा प्रश्न लिहिलेला हवा. न विचारलेल्या हाडाची लांबी रिपोर्टमध्ये येईलच असे नाही.

याशिवाय थायरॉइडची सूज, गळ्यातल्या नसेचे दुखणे, जबड्याच्या सांध्याचा त्रास अशी इतरही कारणे असतात आणि त्यांच्या तपासण्या वेगळ्या. पण कारण शोधत बसण्याआधी एक चाळणी लावावीच. आवाज तीन-चार आठवडे घोगरा राहिला, मानेत गाठ लागली, गिळायला अडकू लागले, थुंकीत रक्त दिसले, वजन उतरू लागले, तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये. घरात मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी चालत असेल तर दुप्पट घाईने जावे. दारात उभी असलेली लाजरी आजी मिश्रीचे नाव घेणार नाही. ते सुनेने किंवा मुलाने डॉक्टरांना सांगावे.

मला धागा सापडला तो वहीत. कोणत्या दिवशी किती तास बोलले, दुखणे केव्हा सुरू झाले, काय केल्यावर वाढले, एवढेच लिहीत गेले. मे महिन्यात ओळी रिकाम्या पडू लागल्या. शाळा उघडली आणि पंधरा दिवसांत पाने पुन्हा भरली. हीच वही मी स्पीच थेरपिस्टपुढे ठेवली. त्यांनी कंठमण्याच्या वरची फट बोटांनी हलकेच दाबली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. दुखले म्हणून, आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा कुणी नेमकी जागा धरली म्हणूनही.

उपचार अगदी साधे वाटणारे आहेत. प्रशिक्षित हाताने गळ्याच्या स्नायूंची मालिश (हे घरी कुणाकडून करून घेऊ नये), ओठ मिटून हलका गुंजारव, पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ धरून बुडबुडे काढत आवाज सोडणे. दर आठवड्याला एक बैठक आणि घरी रोज सराव. फरक पडायला काही आठवडे जातात, मध्येच सोडले की पुन्हा पहिल्या पायरीवर. नुसते मौन पाळून हे जात नाही, कारण बोलण्याची रीत तीच राहते. रोजे असतील तर इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी वाटून वाटून प्यावे, स्वरतंतू ओले राहिले तर जोर कमी लागतो.

स्पीच थेरपिस्ट म्हणजे फक्त तोतऱ्या मुलांचे डॉक्टर असा आपल्याकडे समज आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून राष्ट्रीय पातळीवरची वाक् व श्रवण संस्था आहे आणि तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात विचारले तरी वाट सापडते.

शाळेत आता मी कमरेला बांधायचा छोटा लाउडस्पीकर वापरते. पहिले दोन दिवस मुले हसली, मग विसरली. दुखणे निम्म्यावर आले आहे. उजव्या बाजूला मान पूर्ण वळवली की कानाखाली अजून कळ येते, आणि ती स्नायूंच्या गोष्टीत नीट बसत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. त्या सुईसारख्या हाडाचा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.