धरणाचा छेद आणि छेदाखालील वाक्य

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील भंडारदरा येथे, प्रवरा नदीवर १९२६ साली पुरे झालेले सुमारे ८२ मीटर उंचीचे दगडी धरण आहे. स्वतःच्या वजनावर पाणी थोपवून धरणाऱ्या अशा धरणाचे स्थैर्य विशद करताना अभियंता प्रथम त्याचा उभा छेद काढतो आणि मग त्याविषयी लिहितो. या दोहोंची कामे मात्र एक नव्हेत.

पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, हे तळाकडे रुंदावणाऱ्या त्रिकोणावरून तत्काळ ध्यानी येते. ८२ मीटर खोल पाणी धरल्यास धरणाच्या दर मीटर लांबीवर सुमारे ३,३६० टनांचा आडवा रेटा येतो व तो तळापासून एकतृतीयांश उंचीवर एकवटतो, हे एका बाणाने दाखविता येते. रेटा व वजन यांचे परिणामी बल पायाच्या मधल्या तृतीयांशात पडते, हे सांगण्यास एक तिरकी रेघ पुरते. परंतु ते तेथेच पडावयास हवे, अन्यथा पाण्याकडील कडेस ताण उत्पन्न होईल, आणि दगडी बांधकाम ताण सोसण्यास दुबळे असते, ही अट व हे कारण रेघेला बोलता येत नाही. ‘जर’, ‘तर’, ‘कारण’ हे शब्द भाषेचेच. आणि ‘नाही’ हा तर विशेषच.

चित्रात जे काढले नाही ते अस्तित्वातच नाही, असा वाचकाचा सहज समज होतो. पायाखाली व सांध्यांत शिरलेले पाणी धरणास खालून वर उचलू पाहते. १८९५ साली फ्रान्समधील बूझे येथील धरण फुटून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, तेव्हा या दाबाकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले. तत्पूर्वीच्या छेदांत त्याचा बाण सहसा नसे, आणि बाणावाचून छेद अपुरा वाटतही नसे! भंडारदऱ्यासही १९६९ मध्ये गळती व भेगा आढळल्यावर मागील बाजूने आधारभिंती देण्यात आल्या. असे जुने-नवे छेद ताडून पाहणाऱ्या संशोधकास, एखादा बाण क्षुल्लक म्हणून वगळला की विचारातच घेतला नव्हता, हे केवळ सोबतच्या वाक्यावरूनच कळू शकते.

म्हणून ‘आकृतीवरून स्पष्ट होते’ हा रूढ वाक्प्रयोग संशयास्पद होय. काय स्पष्ट होते, हे त्यात बहुधा गुलदस्तातच राहते. मराठीत ‘दिसते’ आणि ‘ठरते’ अशी दोन क्रियापदे आयती आहेत. बाणाची जागा दिसते. धरण सुरक्षित असल्याचे मात्र गणिताने व गृहीतकांनी ठरते.