पाकिटाच्या पोटात

मंडळी, मेलबॉक्समध्ये बिल आलं की आपण पाकीट टराटरा फाडतो आणि रीसायकलच्या डब्यात टाकतो. पुढच्या वेळी जरा आत डोकावून बघा! निळ्या-काळ्या रेघा, लाटा, जाळी, कधी कंपनीचा लोगोच ओळीने छापलेला.

ही नक्षी शोभेची नाही बरं का. साधं पांढरं पाकीट उजेडासमोर धरलं, तर आतल्या चेकवरची अक्षरं पुसटशी दिसतात. म्हणून पाकिटाच्या आतून बारीक नक्षी छापतात. उजेड आरपार येतो, पण अक्षरं रेघांच्या गर्दीत हरवतात. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेला नॉइज! खिडकीच्या पाकिटाचं पेटंट अमेरिकस कॅलहॅनला १९०२ मध्ये मिळालं. त्या खिडकीपाशी मात्र नक्षीचा इलाज चालत नाही. आतला कागद सरकला, की नको ते बाहेर दिसतं.

फ्रीमाँटला आमच्या घरी मी आणि मुलीने या नक्ष्यांची वही केली आहे. पत्त्याचा भाग सोडून २ इंचांचा चौकोन कापायचा, चिकटवायचा. खाली रंग, प्रकार आणि महिना लिहायचा. नाव, खातेनंबर अजिबात नाही! एकसारख्या वाटलेल्या दोन जाळ्या भिंगाखाली धरल्या, तर एकीत चक्क बारीक अक्षरं निघाली.

आता बिलं ऑनलाइन येतात, पाकिटं कमी झाली. तेव्हा जमवायची तर आत्ताच. आणि हो, मंडळाला देणगीचा चेक पाठवताना तो कोऱ्या कागदात गुंडाळून, बिनखिडकीच्या नक्षीदार पाकिटातच घाला!