साठीनंतरची सरळ टीप

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने राहून गेलेल्या कामांत जातात. मग दुपार लांबू लागते. झोप नाही, भूक नाही, अंग दुखतं म्हणून ओपीडीत येणाऱ्या साठीपुढच्या अनेकांचे तपासण्यांचे कागद बऱ्यापैकी ठीक असतात. दिवसाची घडी मात्र विस्कटलेली असते. अशांना मी कधी कधी विचारतो, घरात जुनं शिलाई मशीन आहे का? हा प्रश्न बायकांना असतो, तसाच पुरुषांनाही.

आयझॅक सिंगर यांना शिलाई मशीनचं अमेरिकी पेटंट १८५१ मध्ये मिळालं. यंत्रांवर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागली. बिडाची ती काळी, सोनेरी अक्षरांची मशीन तेलपाणी केलं तर आजही चालतात. सिंगरच्या मशीनवर कोरलेल्या अनुक्रमांकावरून ते साधारण कोणत्या वर्षी बनलं हे शोधता येतं. त्यामुळे पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार धुंडाळून अशी मशीन जमवणं, ती खोलून साफ करणं, पट्टा बदलून चालती करणं हाही चांगला उद्योग होतो.

याचा मेंदूला उपयोग होतो का? अमेरिकेत डलास इथल्या संशोधक डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल छायाचित्रण, तर काहींना दोन्ही शिकवलं. आठवड्याला सुमारे १५ तास, तीन महिने. इतर गटांनी गप्पा, सहली किंवा घरी संगीत ऐकणं, शब्दकोडी अशा सोप्या गोष्टी केल्या. नवीन कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती तुलनेने सुधारली. छायाचित्रणात हा फरक अधिक ठळक होता. यावरून शिवणकाम स्मृतिभ्रंश टाळतं असं म्हणता येणार नाही. पण येणारंच काम पुन्हा पुन्हा करण्यापेक्षा थोडं अवघड, नवं शिकणं मेंदूला मानवतं, एवढं नक्की म्हणता येईल. म्हणून उशीचा अभ्रा जमला की पिशवीला चेन लावा, मग नातवंडाचं झबलं बेता.

पायमशीनचा आणखी एक फायदा आहे. पायडल मारताना घोटा सतत वरखाली होतो आणि पोटरीचे स्नायू पायातलं रक्त हृदयाकडे ढकलतात. नुसतं खुर्चीत बसून टीव्ही पाहण्यापेक्षा हे बरं. मात्र चालण्याच्या व्यायामाची जागा ते घेत नाही. अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावंच.

शिवणकाम आजाराची चाहूलही देतं. सुईचं नेढं दिसेनासं झालं, दिव्याभोवती वलय दिसू लागलं तर चष्मा बदलण्याआधी मोतीबिंदूची तपासणी करा. अंगठा आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील, कात्री हातातून निसटत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. वर्षानुवर्षं मशीन चालवणाऱ्या व्यक्तीला दोरा कुठून कुठे घ्यायचा हेच आठवेना, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

थोडी काळजी मात्र हवी. बिडाच्या मशीनचं नुसतं डोकंच दहा किलोहून जड असतं. हाडं ठिसूळ असलेल्यांनी ते एकट्याने उचलू नये. रॉकेलने साफ करायचं तर खिडक्या उघड्या ठेवून, जवळपास ज्योत नसताना. जुन्या विजेच्या मोटरची वायर आधी जाणकाराकडून तपासून घ्या. उजेड बाजूने, सुईवर पडेल असा घ्या. मान खाली घालावी लागणार नाही इतपत खुर्चीची उंची ठेवा.

मधुमेहींसाठी विशेष सूचना. पायाची संवेदना कमी झाली असेल तर जमिनीवर पडलेली टाचणी रुतलेली कळतही नाही आणि जखम चिघळते. शिवताना चप्पल घाला, काम संपल्यावर चुंबक फिरवून सुया-टाचण्या गोळा करा आणि रोज रात्री तळपाय पाहा. गंजक्या सुईने खोल जखम झाली तर धनुर्वाताच्या लसीबद्दल त्याच दिवशी विचारा.

शेवटचं म्हणजे, कोणासाठी तरी शिवा. शेजारणीच्या साडीला फॉल, वाण्याकडे न्यायला कापडी पिशव्या, जवळच्या अंगणवाडीतल्या बाळांसाठी दुपटी. ‘झालं का माझं काम?’ असं विचारत कोणी दारात आलं की गप्पा होतात, आणि एकटेपणावर त्याइतकं स्वस्त औषध माझ्या ओपीडीत नाही.